सेंगकांगमधले हिवाळी टायर

मला आजवर पुष्कळ जणांचा हेवा वाटलेला आहे आणि तो मी कधी फारसा लपवलेलाही नाही. शाळेत पहिल्या बाकावरच्या मुलीचा वाटला, लग्नानंतर नणंदेच्या लांबसडक केसांचा वाटला. तांजोंग पगारच्या ऑफिसात माझ्यानंतर येऊन खिडकीजवळची जागा पटकावलेल्या बाईचा तर अजून वाटतो. पण टायरांचा हेवा वाटेल, असं कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. तेही बर्फात चालवायच्या टायरांचा, आणि राहते मी सिंगापूरमध्ये, जिथे डिसेंबरातही पंखा बंद करायची सोय नाही.

माझा नवरा चांगी बिझनेस पार्कमध्ये एका बँकेच्या आयटी विभागात काम करतो. पुण्याच्या कॉलेजपासूनचा त्याचा एक मित्र त्याच्या शेजारच्याच टेबलावर बसायचा. काही वर्षांपूर्वी बँकेच्या म्युनिकच्या ऑफिसात एक जागा निघाली. तिच्यासाठी आधी माझ्या नवऱ्याला विचारलं होतं. मी तेव्हा नुकतीच मॅनेजर झाले होते आणि लेक शाळेत रुळत होती. "राहू दे, आपलं इथे बरं चाललंय," असं तो जेवता जेवता म्हणाला, मी त्याला आणखी एक पोळी वाढली, आणि तो विषय तिथेच मिटला. मग मित्र गेला.

गेला तो गेला, वर तिथे जाऊन त्याने गाडी घेतली. लाल, दोन दारांची, इतकी बुटकी की आत शिरायचं म्हणजे पाटावर बसल्यासारखं बसावं लागेल. आता या माणसाला गाडीतलं काय कळतं? एकदा आम्ही सगळे भाड्याच्या गाडीने मलेशियात गेलो होतो, तेव्हा पेट्रोल कुठल्या बाजूने भरायचं हे बघायला तो गाडीभोवती फिरत बसला होता. आणि माझा नवरा बसस्टॉपवर पाठमोरा उभा राहून नुसत्या आवाजावरून गाडी ओळखतो. इथे गाडी घ्यायची तर आधी ती बाळगायचा परवाना लिलावात घ्यावा लागतो आणि तो गाडीच्याच तोडीचा महाग पडतो. त्यामुळे आमच्याकडे गाडी नाही, गाडीवरचं प्रेम तेवढं आहे. त्या लाल गाडीचा पहिला फोटो आला तेव्हा नवरा "मस्त" एवढंच म्हणाला. पोटात दुखलं ते माझ्या.

उन्हाळा संपून तिकडे थंडी पडायची वेळ आली, तसे मित्राचे फोन सुरू झाले. जर्मनीत रस्त्यावर बर्फ असताना हिवाळी टायर नसतील तर गाडी चालवता येत नाही. कुठले घ्यायचे हे ठरवायला त्याने अर्थातच माझ्या नवऱ्याला धरलं. दर शनिवारी दुपारी आमच्या सेंगकांगच्या फ्लॅटमध्ये डायनिंग टेबलावर फोन उभा राहायचा. मी पलीकडे भाजी निवडायची आणि कान तिकडेच असायचे.

मित्राला वाटलं होतं, मागची दोन चाकंच गाडी ढकलतात, तर तेवढ्या दोन चाकांचेच टायर बदलले की झालं. नवऱ्याने कपाळाला हात लावला आणि मग न चिडता समजावलं. मागची चाकं धरतील, पुढची घसरतील, आणि वळणावर गाडी सरळ नाकासमोर निघून जाईल. उन्हाळी टायरचं रबर थंडीत कडक होतं, हिवाळी टायरचं मऊ राहतं, त्याला बारीक चिरा असतात, त्या बर्फ धरून ठेवतात. हे सांगताना त्याने माझ्यासमोरचं चिरलेलं वांगं उचलून दाखवलं होतं. मग मुख्य वाद. गाडीला एकोणीस इंची चाकं होती, आणि मित्राला थंडीतही तीच हवी होती, कारण ती दिसतात भारी. नवरा म्हणत होता की अठरा इंची घे, टायर अरुंद घे, रबराची कड उंच मिळेल, खड्ड्यात चाक वाचेल. फक्त आतले ब्रेक मोठे आहेत, तेव्हा ते चाकात मावतात ना, एवढं विचारून घे.

हे सगळं मला पाठ झालं याचंच मला आश्चर्य वाटतं. काय खाणार विचारलं तर "काहीही" म्हणणारा, माझ्या ऑफिसातली भांडणं ऐकताना मध्येच जांभई देणारा हा माणूस रबराच्या चार कड्यांबद्दल तासभर जीव तोडून बोलायचा. डोळे चमकायचे, हात हलायचे. तो माझ्याशी असा शेवटचा कधी बोलला होता, हे मी आठवू लागले आणि आठवेना, तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या दुपारी मी भांडी जरा जास्तच आवाज करत घासली. लेकीने तिच्या सिंगापुरी इंग्रजीत विचारलं, "आई, व्हाय सो अँग्री लाह?" मी तिला अभ्यासाला बसवलं.

आणि हेव्याच्या खाली भीती होती, ती मला नीट माहीत होती. याला तिकडे जायचं होतं आणि माझ्यामुळे राहिला, असं तर नाही? मी ते विचारत नव्हते. म्हणून टायरांवर राग काढत होते.

एवढं ठरवूनही ऑर्डर पडत नव्हती. मित्राच्या बायकोचं म्हणणं, गाडीची वस्तू आहे, दसऱ्याच्या मुहूर्तावर घेऊ. नवरा वैतागला. तिथली गॅरेजं ऑक्टोबरात भरून जातात, बर्फ काही पंचांग बघून पडत नाही, असं तो दोन शनिवार सांगत राहिला. पण आपल्या माणसांना म्युनिकमध्येही मुहूर्त लागतो. शेवटी ठरलं की दसऱ्याला दोन्हीकडे पूजा करायची आणि नवऱ्याच्या देखत ऑर्डर टाकायची.

त्या वर्षी दसरा शनिवारीच आला. आमच्या पाटावर दोन लॅपटॉप आणि लेकीची किक-स्कूटर, त्यांना हळदकुंकू आणि झेंडूचं एकेक फूल. फोन कलशाला टेकवून ठेवलेला. पलीकडे ते दोघं स्वेटर घालून अंगणात उभे होते, लाल गाडीला हार घातला होता. माझ्या नवऱ्याने इथून फोनसमोर निरांजन ओवाळलं. दुसऱ्याच्या गाडीला माझ्या घरातलं तूप जळतंय, हे बघताना मला काय वाटलं ते मी लिहीत नाही.

मित्राची बायको खुशीत होती. ती मला म्हणाली, "ताई, पुढचा दसरा आपण इथेच एकत्र करू या ना. जागा परत निघालीय, यांनी भावजींना कळवलंय पण. भावजी नाही म्हणाले म्हणे. तुम्ही तरी समजवा."

मी नवऱ्याकडे बघितलं. तो निरांजनातली वात सारखी करत होता. मी त्याला स्वयंपाकघरात बोलावलं. कधी कळलं, असं विचारलं. गेल्या महिन्यात, म्हणाला. आणि मला का सांगितलं नाहीस?

"सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस, तुला जायचंय का," तो म्हणाला. "आणि मला खोटं बोलावं लागलं असतं."

कढईत शिरा होता, तो खाली लागायला लागला होता. मी गॅस बंद केला.

"मग आता विचारते. तुला जायचंय का?"

"हो," तो म्हणाला. "तेव्हाही जायचं होतं."

एवढंच. तो चिडला नाही, त्याने मला बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं, मी भांडले असते. इतके शनिवार मी ज्याचा हेवा केला ती ना गाडी होती, ना टायर. तो तिकडे जगत होता, आठवड्यातून एक तास, आणि त्या तासात मी नव्हते. मला त्या तासाचा हेवा वाटला होता. तो अजूनही वाटत होता.

आम्ही बाहेर आलो. मित्र फोनवर थांबलाच होता, बोट ऑर्डरच्या बटणावर ठेवून. "अरे, शेवटचं सांग, एकोणीस की अठरा?"

नवऱ्याच्या आधी मीच बोलले. "अठरा घ्या. चारही. आणि त्या जागेचा अर्ज कधीपर्यंत भरायचाय, ते सांगा."

नवऱ्याने माझ्याकडे बघून नाही अशी मान हलवली. पण फोन बंद करायला पुढे केलेला हात त्याने मागे घेतला.