दीपगृहापर्यंतचे गुण

मुलाने अमेरिकेतून आम्हाला एक गोष्ट पाठवली. पुस्तक नव्हे, कॉम्प्युटरवरच्या खेळातली गोष्ट. खेळ तसा फुकट. ब्राउझर उघडायचा, आपलं एक पात्र घ्यायचं आणि पुढे काय करायचं ते निवडत जायचं. ही गोष्ट मात्र प्रीमियम, म्हणजे मुलाने विकत घेऊन दिलेली. बोटीने निघून दूरच्या एका दीपगृहापर्यंत जायचं. कोथरूडच्या आमच्या खिडकीतून समोरच्या सोसायटीचं पार्किंग दिसतं. मी लगेच म्हटलं, "अहो, उघडा की."

हे गणिताचे निवृत्त शिक्षक. उघडतात कसले! पात्राच्या नावापुढे धैर्य, चातुर्य, सहनशक्ती असे आकडे होते. ते बघून ह्यांचा चेहरा नापासाचं प्रगतिपुस्तक हातात आल्यासारखा झाला.

"एवढ्यावर जायचं? पहिल्याच वादळात बुडेल."

"पोराने पैसे भरलेत ना?"

"पैसे भरून प्रवेश मिळतो, अगं. पुढे काय?"

हे दुखणं जुनं होतं. मुलाच्या बारावीच्या वेळी जिकडे तिकडे इंजिनिअरिंग कॉलेजं निघाली होती आणि ओळखीतले लोक देणग्या देऊन पोरांना चिकटवत होते. आमचा मेरिटवर लागला. पुढे आयटी झालं, अमेरिका झाली, पण ह्यांना अभिमान त्या मेरिटचा. देणगीवाल्यांशी हे लग्नकार्यातसुद्धा धड बोलत नसत.

मग अभ्यास सुरू झाला. विद्यार्थ्यांसाठीही कधी न मोडलेली दुपारची झोप मोडून हे खेळातल्या फुकटच्या गोष्टींत लांडग्यांशी लढू लागले. चातुर्य वाढावं म्हणून व्यापाऱ्यांशी घासाघीस करू लागले. मी शेजारच्या स्टुलावर भाजी निवडत बसायची. मुलाला फोनवर विचारलं, विकतच्या गोष्टीत हे आकडे लागतात का रे? "लागत असतील थोडे," तो कामाच्या घाईत म्हणाला. ह्यांना तेवढं पुरलं.

आधी म्हणाले, दिवाळीनंतर जाऊ. दिवाळी झाली तर म्हणे सहनशक्ती अजून कच्ची आहे.

"माझी संपत आली," मी म्हटलं. हसले नुसते. मला त्यांच्याबरोबर जायचं होतं, बाकी काही नको होतं.

संक्रांतीच्या आसपास एका सकाळी दूध तापवताना हे पडले. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

मुलगा आला, दिवसकार्य उरकून परत गेला. एका दुपारी घर खायला उठलं तेव्हा मी त्यांच्या खुर्चीत बसले आणि ती गोष्ट उघडली.

वादळ आलं. मी मुद्दाम मूर्खासारखा पर्याय निवडला, तरी बोट पार झाली. खडकांपाशीही तेच. कुठेच काही आकडा मागितला नाही. ह्यांनी कमावलेलं धैर्य, चातुर्य, सगळं कोपऱ्यात तसंच पडून होतं. पैसे भरलेल्या कोणालाही त्या गोष्टीने दीपगृहापर्यंत नेलं असतं, अगदी पहिल्याच दिवशी. मला इतका राग आला की रडूही येईना. पडद्यावर दीपगृहाचा दिवा लागला, खाली समुद्र पसरला. शेजारचं स्टूल रिकामं होतं.

रविवारी मुलाचा फोन आला. मी गोष्ट पुरी केल्याचं सांगितलं.

"आई, बाबांनी एवढा जीव ओतला. ते स्टॅट्स, ते आकडे, लागले का गं शेवटी?"

"लागले," मी म्हटलं. "त्यांच्यामुळेच पोचले."