पेठेतली सामाईक भिंत

कुठल्याही इमारतीत तो सरळ आत शिरत नसे. उंबऱ्याबाहेर चपला काढायचा, चौकटीवर पंजा टेकवायचा, मान वर करून आढ्याकडे बघायचा आणि मग बोटांच्या पेरांनी भिंतीवर तीनदा ठोकून तिला कान लावायचा. मागे चार माणसं खोळंबली तरी हलायचा नाही. कुणी कुरकुरलं की म्हणायचा, "भ्यालेलं बरं असतंय, साहेब." साहेब तो सगळ्यांनाच म्हणे, हॉटेलात कपबशा विसळणाऱ्यालासुद्धा.

असा एखादा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. आमच्या गावानं त्याचं खरं नाव कधीच बाजूला ठेवलं होतं. तोंडावर 'मिस्त्री' आणि पाठीमागे 'भित्रा मिस्त्री'. हॉटेलात तो पंख्याखाली बसत नसे. लग्नात पंगतीला बसण्याआधी मांडवाचे दोन खांब हलवून बघे, तेव्हा नवरीचा बाप ओशाळून जाई. आमच्या नगरपालिकेत मुख्याधिकाऱ्यांच्या खोलीच्या दारावरच्या भिंतीत एक चीर होती. त्या दारातून तो एकदाही आत गेला नाही. "त्येंला म्हणावं बाहीर या, मी आत येत न्हाई," असं तो मला सांगायचा. मी ते सभ्य भाषेत आत नेऊन पोचवायचो आणि साहेबांच्या शिव्या सभ्य भाषेत बाहेर आणायचो. बांधकाम विभागात कारकून म्हणून मी निम्मं काम तेच केलं.

परभणी जिल्ह्यातलं आमचं ते तालुक्याचं गाव. निजामाच्या काळातली पेठ, दोन्ही बाजूंना काळ्या दगडाच्या कमानी, प्रत्येक कमानीमागे दुकानाचा एक गाळा, वर माडी आणि त्यावर मातीचं माळवद. बाजाराच्या दिवशी सोनपेठची बस आणि राणीसावरगावच्या बैलगाड्या समोरासमोर आल्या की तासभर कुणीच हलू शकत नसे. शेवटी नगरपालिकेनं ठरवलं की दोन्ही बाजू चार-चार हात मागे घ्यायच्या. पण पेठेचा थाट जाऊ द्यायचा नाही, म्हणून कमानी दगड दगड उतरवून, त्यांवर आकडे घालून, पुन्हा मागे तशाच बसवायच्या. कमान उतरवणारे गावात ढिगानं होते. परत बसवू शकणारा हा एकटाच होता, म्हणून त्याची भीती सगळ्यांनी चालवून घेतली.

तो मूळचा आमच्या गावचा नव्हता. नामांतराच्या दंग्यात त्याच्या खेड्यातला बौद्धवाडा जळाला, त्यानंतर तो बायको-मुलांना घेऊन इकडे आला. हे मला माहीत होतं, पण विचारायची हिंमत झाली नव्हती. एकदा कमानीचे दगड मोजताना तो आपणहून बोलला.

"जाळ दिसायच्या आधी आढं वाजतंय, साहेब. बारीक. मला ऐकू आलं म्हणून लेकरं बाहीर काढली."

"सगळे निघाले?"

"माय राहिली. तिला ऐकू येत नव्हतं."

दगडावरची धूळ पुसत तो म्हणाला, "नंतर जबाब दिला मी. नावं सांगितली. मग त्या गावात राहायला जमलंच न्हाई." आणि पुढच्या दगडावर चुन्यानं आकडा घातला.

त्याच पेठेत माझं बिऱ्हाड होतं. कापडवाल्या शेठच्या दुकानावरची माडी, मी, बायको आणि सात महिन्यांची मुलगी. आमच्या माडीची आणि शेजारच्या भांडेवाल्याच्या माडीची भिंत एकच होती, खालपासून वरपर्यंत पांढऱ्या मातीची, तीन हात रुंद. दोन्हीकडच्या तुळया तिच्यावरच टेकलेल्या. मुलीचा पाळणा आम्ही त्याच भिंतीशी टांगला होता, कारण उन्हाळ्यात ती बाजू गार राहायची.

दर्शनी बाजू मागे गेली तशी दुकानांची लांबी चार हातांनी घटली. कापडवाल्यानं तक्रार केली नाही, भांडेवाल्यानंही नाही. पेठेतला व्यापारी आणि तक्रार करत नाही, याचंच मला नवल वाटायला हवं होतं. पण मला तेव्हा फक्त बरं वाटलं, कारण तक्रारअर्जांना उत्तरं मलाच लिहावी लागत.

मिस्त्रीला मात्र एका बैलगाडीनं खटकलं. जुन्या भिंतीची पांढरी माती शेतात टाकली की पीक जोम धरतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यामुळे पाडापाडी सुरू झाल्यापासून शेतकऱ्यांच्या गाड्या माती न्यायला येतच होत्या आणि कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं.

"पुढचं पाडून पंधरा दिवस झाले," तो मला म्हणाला. "मग ह्या दोन दुकानांम्होरं रोज गाडी कामून भरायलीय? माती यायलीय कुठून?"

मी म्हणालो, आतली साफसफाई असेल. त्याला ते पटलं नाही. दुपारी माझ्याबरोबर माडीवर आला, दारात थांबून सगळे सोपस्कार केले आणि पाळण्यामागच्या भिंतीला कान लावला. पाळण्यात मुलगी हातपाय हलवत त्याच्याकडे बघत होती. त्यानं तीनदा ठोकलं, थोडं खाली सरकून पुन्हा ठोकलं. त्याच्या चेहऱ्याचा रंग माझ्यासमोर उतरला.

"दोनीकून खाल्लीय साहेब हिला."

मग त्यानं मला समजावलं. लांबी गेली म्हणून कापडवाल्यानं रुंदी वाढवायला घेतली होती. कपड्यांच्या फळ्यांमागे, दुपारी आणि रात्री दुकान बंद करून, तो सामाईक भिंत आपल्या बाजूनं तासत होता. सामाईक म्हणजे अर्धी आपली, आणि आपल्या अर्ध्याचं आपण काहीही करू, हा त्याचा हिशेब. पलीकडे भांडेवाल्यानंही नेमका हाच हिशेब केला होता, आणि त्यानंही भांड्यांच्या चळतीमागे तासायला सुरुवात केली होती. पलीकडची बाजू शाबूत आहे, या भरवशावर दोघं निवांत होते. तीन हातांच्या भिंतीतली आता जेमतेम एक हात उरली होती आणि तिच्यावर दोन माड्या, दोन माळवदं.

"बिऱ्हाड हलवा. आजच."

मी हसलो. ते हसणं आठवलं की मला आजही स्वतःची चीड येते. बायको हसली नाही. ती म्हणाली, "रोज सकाळी पोरीच्या दुपट्यावर पांढरी भुकटी पडलेली असते. मी उंदीर समजून झटकत होते." आणि दाराकडे बोट दाखवून म्हणाली, "ही कडीसुद्धा आठ दिवसांपासून बसत नाही."

तरी मी हललो नाही. मी हंगामी कारकून होतो आणि शेठ नगराध्यक्षांचा साडू. त्याची माडी सोडायची तर कारण सांगावं लागणार, आणि कारण सांगणं म्हणजे त्याच्यावर आळ घेणं. मिस्त्री आढ्याला भ्यायचा, मी माणसांना भ्यायचो. त्या दिवसापासून मला झोप नव्हती. खालून खरवडल्याचा आवाज आला की मी पाळण्याची दोरी धरून बसायचो, आणि आवाज थांबला की स्वतःला सांगायचो, उद्या बोलू.

बोलला तो. मुख्याधिकाऱ्यांच्या त्या चीर पडलेल्या दारातून आयुष्यात पहिल्यांदा आत गेला. चपला काढल्या, पण ठोकलं नाही. कमानीच्या कामाच्या चर्चेसाठी दोन्ही व्यापारी आत बसलेले होते. त्यांच्या देखत तो म्हणाला, "ह्या दोघांनी भिंत तासलीय. काम थांबवा, आधी टेकू द्या. न्हाईतर दोनी माड्या खाली येतील."

बोलताना तो दोनदा मागे वळून दारावरच्या चिरेकडे बघत होता.

"कोण सांगायलाय हे?" शेठ म्हणाला. "गाव सोडून पळून आलेला? भित्र्या, तुला मांडवाचा खांबसुद्धा हलताना दिसतो."

भांडेवाला त्याहून चिडला. आपली अर्धी तासल्याचं कुणी कबूल केलं नाही, फळ्या काढून दाखवायलाही कुणी तयार झालं नाही. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "तुम्ही तर तिथंच राहता. तुम्हाला काही दिसलं?"

मिस्त्रीही माझ्याकडे बघत होता. शेठही.

"तसं काही लक्षात आलं नाही," मी म्हणालो.

त्याला बाहेर घालवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी कुणाच्याही हुकुमाशिवाय तो एक हातगाडी घेऊन आला, तिच्यात कडुलिंबाचे चार जाड वासे. शेठ जेवायला घरी गेला होता. नोकराशी हुज्जत घालून मिस्त्रीनं तुळईखाली दोन वासे उभे केले. तिसरा लावताना त्याला वर काहीतरी बारीक वाजलेलं ऐकू आलं असावं, कारण त्यानं काम सोडलं आणि धावत माडीवर गेला. बायको मला नंतर सांगत होती, तो दारात थांबलासुद्धा नाही.

"ताई, लेकरू घ्या अन् चला. काही घेऊ नका."

ती चुलीवरची भाजी तशीच ठेवून उठली. त्यानं भांडेवाल्याच्या माडीवरच्या म्हातारीलाही पाठीवर घेऊन खाली आणलं, नोकराला हाताला धरून ओढलं, रस्त्यावरच्या लोकांवर ओरडला. लोक हसतच मागे सरकले. भिंत कोसळल्याचा आवाज ऐकून मी कचेरीतून पळत आलो तेव्हा पेठेत काही दिसत नव्हतं, सगळी पांढरी धूळ. मी बायकोला हाका मारत त्या धुळीत शिरलो. ती समोरच्या ओट्यावर बसली होती. मुलगी तिच्या मांडीवर, दोघींचे केस पांढरे. मिस्त्री शेजारी उकिडवा बसून खोकत होता.

पाळणा होता त्या जागी माळवदाची दोन पुरुष उंच माती पडली होती. एकही माणूस मेला नाही, एवढं झाल्यावर तरी गावानं त्याला डोक्यावर घ्यायला हवं होतं.

चार दिवसांत उलटच झालं. भिंत मिस्त्रीनंच पाडली असं दोघा व्यापाऱ्यांनी लिहून दिलं. परवानगी नसताना वासे ठोकले, त्यामुळे धक्का बसला. तासल्याची खूण दाखवायला आता भिंतच नव्हती आणि माती तर शेतांत पसरलेली. साक्षीला उरलो मी आणि बायको. जबाब घ्यायला तिला कुणी बोलावलंच नाही.

मी काय लिहिलं ते अजून शब्दन् शब्द पाठ आहे. "मिस्त्री यांनी टेकू लावतेवेळी भिंतीस धक्का बसला असल्यास त्याबाबत निश्चित सांगता येत नाही." खोटं काही नाही त्यात. कारकुनी वाक्य. त्याखाली मी सही केली आणि त्या सहीनं त्याचं काम गेलं. माझी नोकरी पुढच्या वर्षी कायम झाली.

बायकोला ते कळलं तेव्हा तिनं फक्त एवढंच विचारलं, "पोरगी मोठी झाली की तिला काय सांगणार?" त्यानंतर किती तरी दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलत होती.

पेठ पुढे पूर्ण झाली. कमानी बसवणारा कुणी उरला नाही, म्हणून नव्या ठेकेदारानं सिमेंटचे सपाट दर्शनी भाग उभे केले आणि रंगवले. आकडे घातलेले दगड नाल्याच्या पुलाखाली गेले.

पण हे सगळं व्हायच्या आधी, भिंत पडल्याच्या महिन्याभरातच, तो जायला निघाल्याचं मला हॉटेलात कळलं. परभणीच्या पुढे चुडाव्याला त्याचा मेहुणा होता. मी स्टँडवर पोचलो तेव्हा परभणीची गाडी लागलेली होती. बायको, दोन मुलं आणि पत्र्याची पेटी आत गेली होती, तो शेवटचा चढत होता. माफी मागायला आलो होतो, पण आजूबाजूला पेठेतली माणसं उभी होती आणि तेवढ्यासाठीसुद्धा माझी जीभ उचलेना.

त्यानं मला पाहिलं, पायरीवरच थांबला. राग नव्हता. त्याला माझ्या नजरेत जे दिसलं ते त्याच्या ओळखीचं असावं.

"नवीन घर कसंय?"

"बरं आहे."

"लेकरू कुठल्या भिंतीकून निजवता?"

नव्या घरात येऊन पंधरा दिवस झाले होते आणि मी ते बघितलंच नव्हतं. कंडक्टरनं घंटी मारली. गाडी हलली तरी तो उत्तराची वाट बघत दारातच उभा होता.