काडीमोडीचा कागद

बडनेऱ्याच्या फलाटावर बाबा रडले नाहीत. गाडी हलली तसे खिडकीला धरून चालत म्हणाले, "कोनी इचारलं तं बौद्ध सांगजो. जुनं नाव तोंडातून काढू नोको." छप्पन साली दीक्षा घेतल्यापासून आमच्या घरात जुन्या जातीचं नाव कुणी उच्चारलं नव्हतं. मी नर्स म्हणून इंग्लंडला निघाले होते. वाटलं, यात काय अवघड आहे.

बर्मिंगहॅमला आमच्याच हॉस्पिटलातल्या टॉमशी लग्न ठरलं. रजिस्ट्रारबाईनं विचारलं, आधी लग्न झालं होतं का? टॉमनं कोपर मारलं, तरी मी "हो" म्हणून मोकळी झाले. खोटं बोलायची सवय नव्हती अन् अक्कलही. लहानपणी अंजनगावच्या एका पोराशी माझं लग्न लावलेलं. नांदायला गेलेच नाही. सासरचे शाळा सोडवायला निघाले, तेव्हा बाबांनी जातपंचायत बसवली; दीक्षेच्या आधीची गोष्ट. पंचांसमोर वाळकी काडी मोडली, लग्न मोडलं. आमच्याकडे काडीमोड अशीच व्हायची. रजिस्ट्रारबाई म्हणे, घटस्फोटाचा कागद आणा. काडीचा कागद कुठून आणू?

बाबांना लिहिलं. ते अमरावतीच्या कोर्टात वकिलाकडे गेले. वकील म्हणाला, काडीमोड कायद्याला चालते, पण ती जातीची रूढी आहे. कोणत्या जातीची, ते प्रतिज्ञापत्रात लिहावं लागेल. नुसतं बौद्ध लिहून भागणार नाही. बाबांनी पत्रात एवढंच कळवलं आणि खाली म्हैस व्याल्याची खबर.

मला भयंकर राग आला. वकिलाचा, त्या बाईचा, बिचाऱ्या टॉमचासुद्धा. तुम्हा तिकडच्यांना वाटतं, विलायतेत कुणी जात विचारत नाही. माणसं नाहीच विचारत, कागद विचारतो. बाबांना उलट टपाली कळवलं, राहू द्या, मी लग्नच करत नाही. टॉमशी आठवडाभर धड बोलले नाही. काय सांगू त्याला, अन् कोणत्या भाषेत?

माझं पत्र वाचून बाबा दुसऱ्याच दिवशी कोर्टात गेले. भाऊ सोबत होता, त्यानं नंतर लिहिलं. झाडाखाली टायपिस्ट बसलेला, भोवती पक्षकारांची गर्दी. बाबांनी ते नाव हळूच सांगितलं. मशीनच्या खडखडाटात त्याला ऐकू गेलं नाही. "जोरात सांगा ना बुवा," तो म्हणाला. बाबांनी जोरात सांगितलं. घरी येऊन जेवले नाहीत.

कागदासोबत त्यांची एकच ओळ होती: "तू नांदजो, बाकी मनात आनू नोको."

लग्न झालं. मी नांदते आहे, सुखात आहे, उगीच का नाही म्हणू. मागच्या खेपेला अमरावतीला गेले, तर बाबांनी पहिल्याच रात्री ताटावर विचारलं, "तिकडं कोनी इचारत तं नाही ना?" मी नाही म्हटलं. मग ते पोटभर जेवले.

इथं कुणी घर कुठलं म्हणून विचारलं, की मी अमरावती सांगते. डोळ्यांपुढं मात्र ते कोर्टातलं झाड येतं, अन् माझ्यासाठी दुसऱ्यांदा, जोरात बोलणारे बाबा.