कापूसमास्तर

आमच्या रिठदच्या शाळेतले मास्तर खिशात खडूपेक्षा कापूसच जास्त बाळगायचे. चिमूटभर कापूस पोरांच्या ओठांसमोर धरून म्हणायचे, "प म्हण." कापूस जागचा हलायचा नाही. "आता फ म्हण." की कापूस उडून थेट फळ्यापाशी! सगळा गाव त्यांना कापूसमास्तर म्हणायचा. "अक्षर पाटीवर नाई, तोंडात राह्यते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

माझी धाकटी बहीण शांती जन्मापासून बहिरी, म्हणून मुकी. तिनं एकदा तरी 'माय' अशी हाक मारावी, यासाठी आईनं देव पाण्यात ठेवले होते. शेजारणी म्हणायच्या, "कायले जीव जाळतं वो?" मला अस्सा राग यायचा त्यांचा! मास्तर मात्र आपण होऊन घरी आले. "कान गेले बाई, गळा तं शाबूत हाये ना!"

मग दोन वर्षं रोज शाळा सुटली की आमच्या ओसरीवर शिकवणी. शांतीचा एक तळवा मास्तरांच्या गळ्यावर, दुसरा स्वतःच्या. 'ग' म्हटलं की गळा थरथरतो, 'क' म्हटलं की नाही, हे ती हातानंच शिकली. अडलं ते 'म'पाशी. ओठ मिटायची, गळा घुमायचा आणि बाहेर पडायचं 'बाय'. आई तोंड फिरवून डोळे पुसायची.

"टाळूमांगं एक दार हाये. ब ले ते बंद, म ले उघडं. नाकातून जाऊ दे हवा," मास्तर सांगायचे. पण बहिऱ्या पोरीला हे कळावं कसं? म्हणून ते स्वतःच्या नाकपुड्यांत कापूस कोंबायचे. 'म' म्हणू जायचे, तो अडायचा. शांती हसत हसत कापूस ओढून काढायची आणि त्यांचा 'मऽऽ' घुमायचा. हा त्यांचा रोजचा खेळच झाला. "येईन तिले. मी काई मरून नाई राह्यलो," म्हणायचे.

मेले हो. दोन दिवसांच्या तापात गेले.

आम्ही पोचलो तेव्हा त्यांना अंगणात निजवलं होतं. रीतीप्रमाणे नाकात कापूस. शांती गर्दीतून घुसली, त्यांच्याजवळ बसली आणि तिनं तो कापूस ओढून काढला. बायका ओरडल्या. आई म्हणाली, "राहू द्या तिले."

शांतीनं एक तळवा त्यांच्या गळ्यावर ठेवला, दुसरा स्वतःच्या. वाट पाहिली. गळा थंड. मग घाबरून ती आईकडे वळली, ओठ मिटले आणि बराच वेळ नुसती घुमली.

"मऽऽ... माय."

अगदी स्पष्ट. आईनं तिला पोटाशी धरलं आणि मास्तरांच्या पायाशी कोसळून ओरडत राहिली, "मास्तर, आयका ना हो! एकडाव आयका ना!"