माड खेळणार नाही

फर्स्ट एडची पेटी घेऊन रविवारी संध्याकाळी कोर्टाच्या कडेला बसायचं, एवढंच काम माझ्याकडे आलं होतं. त्यासाठीच डॉ. मेहतांनी मला केबिनमध्ये बोलावलं होतं.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. नवऱ्याची बँकेत बदली झाली म्हणून आम्ही डहाणू रोडला आलो होतो. मी फिजिशियन, म्हणजे कापाकापी न करता तपासून औषधं देणारी डॉक्टर. मेहता सर्जन. हॉस्पिटल त्यांचं. मोजक्या खाटा, एक एक्स-रे मशीन, एक ईसीजी, आणि बाहेर बाकावर वरोरपासून तलासरीपर्यंतचे पेशंट.

केबिनमध्ये आणखी दोघे होते. एक मसोलीचे सावे गुरुजी, शाळेतून नुकतेच रिटायर झालेले. दुसरे जयंतीभाई, बाजारात त्यांचं हार्डवेअरचं दुकान. मेहतांसकट तिघांचा मिळून एक देव होता. त्याचं नाव रघुनाथ चुरी. गावात त्याला सगळे माड म्हणायचे.

माड बास्केटबॉल खेळायचा. त्याच्या जिवावर आमच्या गावच्या क्लबनं एके काळी मुंबईच्या नावाजलेल्या टीम्सना घाम फोडला होता. पुढे त्याला स्पोर्ट्स कोट्यातून रेल्वेत नोकरी लागली. मग गुडघा गेला, खेळ सुटला. आता चुरी स्टेशनच्या पार्सल ऑफिसात होते आणि वरोरच्या आपल्या वाडीतून रोज सायकलनं यायचे. क्लबनं कोर्ट नव्यानं सिमेंट केलं होतं. त्या निमित्तानं जुन्या खेळाडूंची मॅच आणि माडचा सत्कार ठरला होता. कमिटीचे अध्यक्ष अर्थातच मेहता.

"मॅडम, तुम्ही त्याला बघितलेला नाही," गुरुजी म्हणाले. "आताची पोरं उड्या मारतात. हा उडी मारायचाच नाही. नुसता हात वर करायचा. एवढे लांब हात मी माणसाला बघितले नाहीत. शर्टाच्या बाह्या नेहमी आखूड."

"बॉल एका हातात धरे, नारळ धरल्यासारखा," जयंतीभाई म्हणाले. "आनि मूठ अशी वळली ना बेन, तर अंगठा या बाजूनं बाहेर. आमी दाखवायला सांगायचे, तो दाखवायचा."

मेहता हसत होते. "आणि चष्मा आठवतो का? काचा केवढ्या जाड. इलॅस्टिकनं डोक्याला बांधून खेळायचा. शर्ट काढला की छातीच्या मधोमध खड्डा. आम्ही म्हणायचो, यात लाडू ठेवला तर पळतानाही पडणार नाही."

तिघेही मनापासून हसले. मला हसू येईना. हे सगळं मी आधी कुठेतरी ओळीनं वाचलं होतं, आणि ते खेळाच्या पानावर नव्हतं.

"त्यांचे वडीलही उंच होते का?" मी विचारलं.

"म्हातारा त्याच्यापेक्षा उंच," गुरुजी म्हणाले. "म्हातारा तरी कसला. रघूच्या आताच्या वयाचाच असेल. वाडीत चिकूची टोपली उचलली आणि उभ्या उभ्या गेला. छातीत कळ आली म्हणे."

मी चहा अर्धा टाकून उठले. रविवारला अजून चार-पाच दिवस होते.

माझ्या डोक्यात काय आलं ते सोप्या भाषेत सांगते. आपल्या शरीरातले सांधे, रक्तवाहिन्या, डोळ्यातलं भिंग, हे सगळं एका चिवट धाग्यानं बांधलेलं असतं. काही घराण्यांत तो धागा जन्मापासूनच सैल असतो. माणूस उंच होतो, हातपाय आणि बोटं लांब होतात, छातीचा पिंजरा आत जातो, नजर अधू होते. या आजाराला मारफन म्हणतात. इथवर फारसं बिघडत नाही, उलट बास्केटबॉलला उपयोगच होतो. पण हृदयातून निघणारी सगळ्यात मोठी नळी, महाधमनी, तीही त्याच धाग्याची असते. वर्षानुवर्षं रक्ताचा मारा खाऊन ती मुळाशी फुगत जाते, जुन्या ट्यूबला एका जागी फुगा येतो तशी. एखाद्या दिवशी जोर पडला की फाटते. मग डॉक्टर शेजारी बसलेला असला तरी काही करता येत नाही. फर्स्ट एडच्या पेटीत त्यावर काहीही नसतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पार्सल ऑफिसात गेले. चिकूच्या करंड्यांची रास लागली होती आणि तिच्यामागे, करंड्यांपेक्षाही वर, चुरींचं डोकं दिसत होतं. जाड चष्मा, किंचित वाकलेली पाठ, अतिशय हळू आवाज.

"मॅचसाठी सगळ्यांची तपासणी करतेय," मी म्हणाले. ते पूर्ण खरं नव्हतं. पण पार्सल ऑफिसात हमालांसमोर मारफन कसं सांगणार.

ते संध्याकाळी ड्यूटी संपवून आले. काही होतं का, विचारलं, तर नाही म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "सायकलवर हल्ली धाप लागते. वय झालं." मी मूठ मिटायला सांगितली. अंगठा करंगळीच्या पलीकडे बाहेर आला, जयंतीभाईंनी सांगितला होता तस्साच. त्यांना पुढे वाकून श्वास सोडून थांबायला सांगितलं आणि छातीच्या हाडाशेजारी स्टेथोस्कोप ठेवला. प्रत्येक ठोक्यानंतर वाऱ्यानं फुंकर घालावी तसा एक आवाज येत होता. नळीच्या तोंडाची झडप नीट मिटत नव्हती, रक्त मागे येत होतं. म्हणजे नळीचं तोंड रुंदावलं होतं. एक्स-रेमध्येही हृदयाची सावली मोठी दिसली.

मी त्यांना समोर बसवून सगळं सांगितलं. वडिलांचंही.

त्यांनी आपले पंजे उलटसुलट करून पाहिले. "दहा मिनिटंच खेळायचं होतं," ते म्हणाले.

"एक मिनिटही नाही."

"मॅडम, मला नंदा म्हणून मुलगी आहे. नववीत. तिच्या जन्माआधीच माझा खेळ सुटला. बाजारात गेलं की कोणीतरी तिला थांबवून सांगतं, तुझा बाप असा होता, तुझा बाप तसा होता. ती घरी येऊन माझ्याकडे बघते. मी वाडीत पाणी लावत असतो. गावातल्या सगळ्यांनी मला खेळताना बघितलंय. तिनंच तेवढं नाही."

मी विचारलं, "नंदा उंच आहे?"

त्यांनी मान वर केली. त्यांच्या लक्षात आलं. त्यानंतर दहा मिनिटांचा विषय त्यांनी काढला नाही.

मेहतांशी बोलणं कठीण गेलं.

"संशयावर?" ते म्हणाले. "इको झालाय?"

इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. तेव्हा ती आमच्याकडे नव्हती, मुंबईला पाठवावं लागायचं आणि तिथे रविवारच्या आत नंबर लागणं अशक्य होतं.

"इको नाही. पण झडपेचा मर्मर ऐकू येतोय, वडिलांची हिस्टरी आहे."

"मुंबईहून त्याच्या काळातले खेळाडू येतायत. मंडप घातलाय. सगळं गाव आठवडाभर दुसरं बोलत नाही. आणि तुम्ही म्हणता संशय."

"सर, तुम्ही स्वतः ऐकता का एकदा? ते बाहेरच बसलेत."

मेहता उठले. मी चुरींना आत बोलावलं. मेहता आणि ते एकमेकांकडे बघून जरासे हसले, जुने मित्र अवघडून हसतात तसे. मग मेहतांनी कानाला स्टेथोस्कोप लावला. एरवी ते पाच सेकंदांत मोकळे व्हायचे. त्या दिवशी डोळे मिटून ऐकत राहिले. शेवटी चुरींच्या शर्टाचं बटण त्यांनी स्वतःच लावलं.

चुरी बाहेर गेल्यावर मेहता म्हणाले, "त्याला शर्टाशिवाय मी शेकडो वेळा बघितलाय. डॉक्टर झाल्यावरसुद्धा. मी फक्त मॅच बघत होतो." मग खुर्चीत बसले. "कमिटीला मी सांगतो. तुम्ही मुंबईचं बघा."

मेहतांनी सांगितल्यावरही जयंतीभाई माझ्याकडे आलेच. "बेन, तुमी नवीन हाय. हा मानूस आमच्यासाठी काय हाय ते तुमाला नाय समजनार. लोक पालघरवरनं येनार त्याला बघायला. नुसता उभा राहून एक बॉल टाकेल. त्यात काय?"

"जयंतीभाई, ते एक बॉल टाकून थांबतील का?"

त्यांनी विचार केला. खोटं बोलणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "नाय थांबनार," ते म्हणाले आणि खाली बसले.

मग मी त्यांना नंदाचं सांगितलं. बापाला खेळताना तिनं कधी बघितलं नाही, म्हणून चुरींना उतरायचं होतं, एवढंच. जयंतीभाई तसेच उठून निघून गेले. मला वाटलं, रागावले.

रविवारी कोर्टाच्या चारी बाजूंनी गर्दी होती. चुरी पहिल्या रांगेत खुर्चीवर, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. शेजारी नंदा, दोन वेण्या, वडिलांसारखीच लांब बोटं मांडीवर गुंतवून बसलेली. सत्कार झाला. हार, शाल, नारळ. मेहतांनी माईकवरून सरळ सांगितलं की रघूच्या हृदयाला विश्रांती हवी आहे, तो आज खेळणार नाही. गर्दीत नाराजीची कुजबुज उठली. दोघातिघांनी माझ्याकडे वळून पाहिलं.

मग जयंतीभाई माईककडे गेले. त्यांना भाषण येत नव्हतं. ते म्हणाले, "नंदा बेटा, तू इकडे बघ. तुझा बाप कसा खेळायचा ते आमी दाखवतो."

आणि जुने खेळाडू खरोखर कोर्टात उतरले. पोट सुटलेले, गुडघे धरून चालणारे, मुंबईहून आलेले दोघे तर चुरींच्या विरुद्ध खेळलेले. खेळून दाखवायची होती मुंबईच्या टीमविरुद्धच्या जुन्या फायनलची शेवटची मिनिटं. "मी इथे होतो," एक जण म्हणाला. "तू इथे नव्हतास, तू तिकडे पडला होतास," दुसरा म्हणाला. माडच्या जागी सावे गुरुजी उभे राहिले, कारण त्यातल्या त्यात उंच तेच. त्यांनी धोतराचा काचा मारला, बॉल एका हातात धरायचा प्रयत्न केला, तो सटकला. लोक हसले. मग दोन हातांनी धरून ते निघाले.

"असा नाही गुरुजी, डावीकडून," मेहता खुर्चीवरून ओरडले आणि कोट काढून स्वतःच आत गेले.

एकच शॉट त्यांनी चार-पाच वेळा करून दाखवला आणि दर वेळी वेगळा. दर वेळी भांडण. शेवटी मुंबईच्या पाहुण्यानं सगळ्यांना गप्प केलं. तो नंदासमोर येऊन उभा राहिला. "याला अडवायला मीच होतो," तो म्हणाला. "मी हात वर केला. वर बघतो तर याचा पंजा माझ्या हाताच्या वर, बॉल नुसता बोटांवर. मी हरलो हे मला बॉल सुटायच्या आधीच कळलं. आणि तुला सांगतो, बॉल आत गेल्यावर हा नाचला नाही. मी खाली पडलो होतो, यानं आधी मला उठवलं."

नंदा वडिलांकडे वळली. "हे तुम्ही कधी सांगितलं नाही," ती म्हणाली.

"तेवढं काय सांगायचं त्यात," चुरी म्हणाले. चष्मा काढून पुसत राहिले.

त्या दिवशी फर्स्ट एडची पेटी उघडावी लागली. गुरुजींचा घोटा मुरगळला.

पुढचं काम मुंबईचं. इकोमध्ये महाधमनी मुळाशी इतकी फुगलेली निघाली की तिथल्या हार्ट सर्जननं मला फोन करून विचारलं, हा माणूस सायकल चालवत होता? ऑपरेशन मोठं असतं. फुगलेला भाग कापून तिथे कृत्रिम नळी आणि धातूची झडप बसवतात. त्या काळी ते किती अवघड होतं याची मला पूर्ण कल्पना होती. चुरींपासून मी काही लपवलं नाही. मेहता आणि जयंतीभाई आळीपाळीनं मुंबईच्या हॉस्पिटलच्या व्हरांड्यात बसून राहिले. ऑपरेशन झाल्याचा फोन मेहतांनीच केला. "झडप वाजते," ते म्हणाले. "शेजारी बसलं की टिकटिक ऐकू येते." त्यांचा आवाज इतका मोकळा मी आधी ऐकला नव्हता.

नंदालाही तपासलं. तिच्यातही तोच धागा होता, पण नळी अजून धड होती. रोज गोळी, दर वर्षी इको आणि पळापळीचे खेळ बंद, असं मी सांगितलं. तिचं नाव तेव्हा शाळेच्या बास्केटबॉल टीममध्ये होतं. ती वर्षभर माझ्याशी बोलली नाही. मी ते चालवून घेतलं. न बोलणारा पेशंट वेळेवर गोळ्या घेत असेल तर डॉक्टरनं तक्रार करू नये.

बरे झाल्यावर चुरी सुट्टीच्या दिवशी एस.टी.नं तलासरीला जाऊ लागले. तिथल्या एका शाळेत वारली मुलींची टीम होती आणि शिकवणारं कोणी नव्हतं. चुरी कोर्टाबाहेर खुर्ची टाकून बसायचे आणि तिथूनच सांगायचे. आवाज मुळातच हळू, त्यामुळे मुली खेळ थांबवून जवळ येऊन ऐकायच्या. नंदा स्कोअर लिहायला बसायची. हळूहळू गुरुजी आणि जयंतीभाईही जाऊ लागले. मेहतांच्या केबिनमधल्या चहाला आता जुन्या फायनलऐवजी तलासरीच्या मुलींची चर्चा होऊ लागली. कोण डावखुरी, कोण फाऊल फार करते. जुन्या काळची सर कशालाच येत नाही हे अजूनही ठरलेलं होतं, पण ते आता शेवटी, कप उचलताना म्हटलं जायचं.

मी नंतर बरीच वर्षं डहाणूला प्रॅक्टिस केली. कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं की पेशंटला विचारा, काय होतंय. चुरींना काही होतच नव्हतं, थोडी धाप सोडली तर. तेव्हापासून मी सोबत आलेल्या माणसालाही विचारते, यांच्याबद्दल लोक काय सांगतात? निम्मी उत्तरं फुगवलेली असतात. तीही ऐकून घेते. तपासायला आपल्याकडे स्टेथोस्कोप असतोच.