मिस्त्रींचं उलटं टेबल

फोन आला तेव्हा मी ज्वारीचं पीठ चाळत होते. आमचे मालक, मल्लिनाथ मिस्त्री, एका गणवेशाच्या कारखान्यात शिलाई मशीन दुरुस्त करायला गेले होते. मशीन चालू करून दिलं, चहा घेतला, "झकास पळतंय बघा," म्हणाले आणि तिथेच भिंतीला टेकून बसले... ते पुन्हा उठले नाहीत. सांगणारी बाई रडत होती आणि मी तिला विचारलं, "त्यांची पिशवी कुठे आहे?" हत्यारांची पिशवी ते कधी कुठे विसरून येत नसत.

त्यांना सगळे मिस्त्री म्हणत, मीही म्हणायचे. ते अक्कलकोटकडचे. माणसांशी मराठी बोलत आणि मशीनशी कानडी. स्क्रू हातातून निसटला की "बारो, बारो" म्हणत टेबलाखाली वाकत, लांब गेलेल्या वासराला बोलवावं तसे. माझं माहेर वैराग. स्क्रूला बोलवण्यापुरतंच कानडी मला येतं.

शहराच्या पूर्व भागातल्या आमच्या भाड्याच्या खोलीत पुढची जागा दुरुस्तीची होती. मिस्त्री दाराकडे तोंड करून खुर्चीवर, मधे टेबल, आणि समोरच्या स्टुलावर मी, दाराकडे पाठ करून. स्क्रूड्रायव्हर, पक्कड, पाने त्यांच्या उजव्या, म्हणजे माझ्या डाव्या बाजूला, तेल, ब्रश, सुया दुसऱ्या बाजूला. मशीनवरची नजर न काढता ते हात पुढे करत आणि मी हत्यार द्यायचे; मी स्वयंपाकात असले की न बघता स्वतःच उचलत. ती जागा मला फार आवडायची, कारण गिऱ्हाइकाला माझी फक्त पाठ दिसायची. शाळेत चौथीपर्यंत गेले, तिथेही मी मागच्याच रांगेत. बोलायची वेळ आली की मी कुणाच्या तरी मागे सरकते.

मग हैदराबाद रोडच्या बाजूला आमच्या स्वतःच्या दोन खोल्या झाल्या. सामान हलवताना टेम्पोतून उडी मारायची काही गरज नव्हती, पण मिस्त्रींनी मारली आणि पाय मोडून घेतला. ते आतल्या खाटेवर, आणि बाहेर खोकी उघडायला मी एकटी. काय काय निघालं त्यातून... शेंगाचटणीच्या बरण्यांत स्क्रू, बिस्किटांच्या डब्यांत बॉबिनी, माझ्या एका जुन्या इरकलीत गुंडाळलेले मशीनचे पट्टे. ती साडी मी दोन दिवाळ्या शोधत होते.

आतून आवाज यायचा. "सुमे, पक्कड कुटं ठिवली?"

"तिच्या जागेवर."

"आन् पाने?"

"त्यांच्याबी जागेवर. तुमी पडा की गप."

टेबल मांडलं, दोन्ही बाजूंना फळ्या ठोकल्या, खिळे मारले. मग त्यांच्या खुर्चीत बसून, डोळे मिटून, सगळं कुठे कुठे असायचं ते आठवत एकेक हत्यार अडकवलं. मनातून फार खूश होते.

पाय टेकवता यायला लागला तसे मिस्त्री लंगडत आले, खुर्चीत बसले, मशीन पुढ्यात ओढलं आणि सवयीने न बघता उजवा हात लांब केला. हातात तेलाचा डबा आला. पुन्हा केला, ब्रश आला. डावीकडे पाहिलं तर सगळे स्क्रूड्रायव्हर तिकडे.

"आख्खं दुकान उलटं लावलंस की गं!"

"जसं व्हतं तसंच लावलंय," मी म्हटलं. खरंच तसंच लावलं होतं.

ते उठले, टेबलाला वळसा घालून माझ्या स्टुलावर जाऊन बसले आणि हात पुढे केला. स्क्रूड्रायव्हर बरोबर हातात. मग इतके हसले, इतके हसले, की दुखऱ्या पायाला धरून हसले. "तू हितनं बगत व्हतीस न्हवं इतकी वर्सं? तुला दिसलं तसंच लावलंस!"

मी म्हटलं, उद्या सगळं बदलून टाकते. पण त्यांनी एक खिळा हलवू दिला नाही. "ऱ्हाऊ दे. मी हितंच बसनार. तू खुर्चीत बस." मी खुर्चीच्या अगदी कडेला टेकले. खुर्चीचं तोंड दाराकडे होतं.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते परकर शिवणाऱ्या एक मावशी. "का वो मिस्त्री, पाट करून बसलाय? रुसलाय व्हय?"

"मालकीन तितं हाय, मावशी. तिला इचारा."

मावशी माझ्याकडे बघायला लागल्या, मी टेबलाकडे. मिस्त्री मान खाली घालून हसत होते, खांदे हलत होते. शेवटी मीच म्हटलं, "काय होतंय?"

"टाका सुटतोय लई."

"सुई कधी बदलली?"

मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हरची मूठ टेबलावर हळूच आपटली... ठक. म्हणजे बरोबर विचारलंस. त्यानंतर कित्येक वर्षं मी त्या 'ठक'वर बोलत गेले. विचारायला शिकले, मग खोलायला, मग जोडायला.

मिस्त्रींचं दिवसकार्य झालं आणि आमचा महेश, जो चिंचोळीच्या एमआयडीसीत कामाला आहे, म्हणाला, "आई, बंद करू या का आता हे?" ठक करणारं कुणी नसताना दाराकडे तोंड करून बसणं मला जमेल का, ते माझं मलाच माहीत नव्हतं. आणि नेमक्या त्याच आठवड्यात त्या परकरवाल्या मावशी मशीन घेऊन दारात उभ्या. त्यांना मिस्त्रींचं कळलं नव्हतं. स्टूल रिकामं पाहून त्या तशाच माघारी वळायला लागल्या.

"मावशी, थांबा की," माझा आवाज मलाच मोठा वाटला. "काय होतंय?"

महेशने नंतर विचारलं, "आई, आता तूच काम करणार तर हत्यारं तुझ्या उजव्या हाताला लावून देऊ?" मी नको म्हटलं. इतकी वर्षं डावीकडचं हत्यार उचलून समोर द्यायची सवय आहे. आताही डाव्या हाताने उचलते, हात टेबलावरून समोरच्या स्टुलाकडे जातो, तिथे जरा थांबतो... आणि मग मी ते माझ्याच उजव्या हातात देते.