धुता येणारे पत्ते

कल्याणीनं पत्त्यांचा जुना कॅट घंटागाडीत टाकला, त्या दिवशी मैनाबाई सुनेशी बोलल्या नाहीत. तसं सुनेचं फार चुकलं म्हणावं तर तेही नाही. तिचे सासरे सोनबा अलीकडे थुंकी लावून लावून पानं पिसायचे, चहाची बशी त्यांवर कलंडायची, आणि त्या कॅटाला असा वास सुटला होता की मांजरसुद्धा लांबून वळसा घालून जायचं.

"आता घरात पत्ते येतील ते धुता येणारे," कल्याणी म्हणाली.

"व्हय. मग मानसं बी धुता येनारीच आना," एवढं बोलून मैनाबाईंनी तोंड मिटलं.

पुण्याजवळ मांजरी गावात त्यांच्या उसाच्या रानावर आता उंच इमारती उभ्या होत्या. राहतं घर, पुढची ओसरी आणि लोखंडी फाटक तेवढं राहिलं होतं. त्या ओसरीवर रोज दुपारची जेवणं झाली की मेंढीकोटाचा डाव पडायचा. एका बाजूला मैनाबाई आणि त्यांचे यजमान सोनबा, दुसऱ्या बाजूला शेजारचे रावसाहेब आणि त्यांची बायको वेणूबाई. जोडीदारानं समोरासमोर बसायचं आणि चारही दश्श्या आपल्याकडे ओढायच्या, एवढाच तो खेळ. सोनबा हरत नसत. समोरच्याच्या हातात काय आहे ते डोळ्यांनी बघितल्यासारखं पान टाकत.

त्यांचं हे जिंकणं मैनाबाईंना भाकरीइतकं गरजेचं झालं होतं. कारण महिनाभरापूर्वी सोनबा फिरायला गेले ते परत आलेच नाहीत. एका इमारतीच्या तळघरात, गाड्यांच्या मधे उभे असलेले वॉचमनला सापडले. घर कुठं म्हणून विचारलं, तर सांगता येईना. रविराज, त्यांचा मुलगा, त्याच संध्याकाळी म्हणाला, "आई, आता आबांना एकट्यानं सोडायचं नाही. फाटकाला कुलूप लावू. मेंदूच्या डॉक्टरांना दाखवू."

"खुळा हायेस का? ज्या मानसाला दुसऱ्याच्या हातातली दश्शी कळती, त्याला सोताचं घर कळंना व्हय? चुकला असंल रस्ता. समद्या बिल्डिंगा एकीसारखी एक हायेत. मी बी चुकते."

डाव तर रविराजनंही पाहिले होते. शेवटी तो म्हणाला, "बरं. डाव नीट खेळतायत तोवर कुलूप नको."

तर असं ठरलं होतं, आणि नेमका तेव्हाच कॅट घंटागाडीत गेला.

पहिला नवा कॅट नात वैष्णवीनं मोबाइलवरून मागवला. "आज्जी, वॉटरप्रूफ आहेत. एकदम प्रीमियम. रिव्ह्यूज बघ ना!"

डबी उघडली तर आत सगळं सोनेरी. पाठ सोनेरी, पोट सोनेरी, इस्पिक सोनेरी आणि बदामही सोनेरी.

"आगं, ह्ये खेळायचं का लग्नात आहेर करायचा?" वेणूबाई म्हणाल्या.

सोनबांनी पानं उचलली, बघितली आणि खाली ठेवली. "कोरी हायेत ही," ते म्हणाले.

मैनाबाईंना उलट बरं वाटलं. "बघा! रंगच कळंना तर खेळायचं कसं?" कॅट परत गेला.

दुसरा आला तो पांढरा, जाड, रेनकोटासारखा वास मारणारा. पिसायला घेतला की साबणासारखा हातातून सटकायचा. वाटलेली पानं सतरंजीवरून घसरून झोपाळ्याखाली जायची आणि नवेपणानं दोन-दोन एकमेकांना चिकटायची. त्या डावात सोनबांनी आपल्या हातातली बदामची दश्शी वेणूबाईंच्या राजाखाली नेऊन घातली. पहिल्यांदा खेळणारं पोरसुद्धा अशी दश्शी देत नाही. वेणूबाईंनी ती उचललीही नाही लवकर, नवऱ्याकडे बघत राहिल्या.

"कोरी पानं वाटताय मला," सोनबा चिडून म्हणाले.

रविवार होता, रविराज दारात उभा होता. "आई, डॉक्टरांची वेळ घेऊ का?"

"पत्ते वाईट हायेत," मैनाबाई म्हणाल्या. "उजेड पडला की चकाकत्यात. आकडं बी मुंगीएवढं. खोट पत्त्यांत हाय, तुझ्या बापात न्हाई."

मग त्या स्वतःच उठल्या. वैष्णवीला घेऊन बसनं शनिवार पेठेत गेल्या, खेळाच्या सामानाच्या एका दुकानात. पुढ्यात ठेवलेले सगळे प्लास्टिकचे कॅट त्यांनी तपासले. बाजारात वांगं बघावं तसं एकेक पान बघितलं. वाकवून सोडलं की सरळ होतंय का. उजेडापुढं धरलं की आरपार दिसतंय का. नखानं खरवडलं तर रंग निघतोय का. मग बोट ओलं करून पुसून बघितलं आणि कापडावर टाकून किती सरकतंय ते पाहिलं.

दुकानदार चष्म्यावरून बघत होता. "आजी, आपण पत्ते नेताय की सून करून घेताय?"

"सून येवढी बघून केली न्हाई, म्हनून तर हितं आले."

"उरलेली घरी जाऊन वाकवा. आणि फोडलेला कॅट परत घेतला जात नाही, पाटी वाचली असेलच."

"वाचता येत न्हाई मला."

"म्हणूनच सांगितलं," तो म्हणाला. पण मग खालच्या खणातून त्यानं एक डबी काढली. पानं लवचीक, खरखरीत पोताची, अजिबात न चकाकणारी. आकडे अंगठ्याएवढे. पाठीवर बारीक निळी जाळी, सगळ्यांवर एकसारखी. मैनाबाईंनी सगळ्या परीक्षा घेतल्या आणि त्यांना एकही खोट काढता आली नाही. बसमध्ये त्यांनी ती डबी मांडीवर दोन्ही हातांनी धरली होती. खोट नाही, याचीच त्यांना भीती वाटत होती. पण ते त्या कुणाला सांगणार?

दुसऱ्या दिवशी डाव मांडला. पानं छान पिसली गेली, जिथं टाकली तिथं बसली. सोनबांनी आपली पानं उचलली आणि सावकाश उलटी फिरवली. निळी जाळी स्वतःकडे, आकडे सगळ्यांकडे. राजा, दश्शी, सत्ती, सगळं उघडं. ते मात्र त्या जाळीकडे डोळे बारीक करून बघत होते. मग वेणूबाईंच्या हातातल्या पानांच्या पाठी बघितल्या, मग रावसाहेबांच्या.

"समदी सारखीच," ते म्हणाले. "कोरी."

रावसाहेबांनी हात पुढं करून सोनबांची पानं हळूच पालथी घातली.

"वैनी," ते म्हणाले, "जुन्या कॅटात पानापानाला खूण हुती. एकाचा कोपरा तुटका, एकावर चहाचा डाग, किलवरचा एक्का तर वैष्णवीनं दात येताना चावलेला. पान पालथं पडलं की सोनबा पाठीवरनंच वळखायचा. आमची बी आन् आपली बी. आकडं बघायचं त्यानं कवाच सोडलं. दोन वर्सं तरी झाली."

"आन् तुमी बोलला न्हाई?"

"काय बोलू? लबाडी करत असता तर भांडलो असतो."

"मला वाटलं, तुमाला ठावं हाय," वेणूबाई पदर सारखा करत म्हणाल्या. "समोरच तर बसायचा तुमी."

मैनाबाई समोरच बसायच्या. सोनबा पूर्वी हातात पान आलं की रंगानुसार लावून घेत, इस्पिकाशेजारी इस्पिक, बदामाशेजारी बदाम, लहानापासून मोठं. अलीकडे लावत नसत. ते त्यांनी बघितलं होतं. मुरलेल्या खेळाडूला लावायची गरज नसते, असं त्यांनी चारचौघांत कौतुकानं सांगितलंही होतं.

त्यांनी पानं गोळा केली. संध्याकाळी रविराज आला तेव्हा त्या पोळ्या लाटत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "डॉक्टरची येळ घे."

रविराजला वाटलं होतं, आई कधी ना कधी ऐकेल तेव्हा बरं वाटेल. तो ताटावर बसला आणि अर्धी पोळी ठेवून उठला.

सकाळी फाटकाला कुलूप लागलं. ऊन तापायच्या आधी सोनबा टोपी घालून, काठी घेऊन निघाले. फाटक ढकललं, हलवलं, पुन्हा ढकललं. मैनाबाई ओसरीवरून उतरून गेल्या.

"उघड की."

"आज नगं."

"का?"

मैनाबाईंनी आयुष्यभर या माणसाला पायताणापासून जमीन विकण्यापर्यंत सगळ्या गोष्टींवरून फैलावर घेतलं होतं. आता त्यांनी नुसती सोनबांची टोपी सारखी केली.

सोनबा कुलपाकडे बघत राहिले. मग अगदी हळू, शाळेतल्या मुलानं विचारावं तसं त्यांनी विचारलं, "मी काय केलं?"

"काय न्हाई केलं तुमी," मैनाबाई म्हणाल्या. "काय बी न्हाई."

त्या आत गेल्या नाहीत. तेही हलले नाहीत. बाहेरून शाळेच्या बस, दुधाच्या गाड्या जात राहिल्या, आणि दोघं फाटकाच्या आतल्या बाजूला ऊन चढेपर्यंत तशीच उभी होती.